फराळाचा डबा आणि पक्के बिल

आश्विनातल्या अमावास्येला संध्याकाळी आपल्याकडे लक्ष्मीपूजन होते. घरोघर चौरंगावर तबक मांडतात, त्यात दागिने, नाणी, लाह्या-बत्तासे ठेवतात; पेढीवर आणि दुकानात मात्र पूजेला बसते ती वही. कोरी, लाल कापडी बांधणीची, पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढलेली. लक्ष्मी प्रसन्न व्हावी म्हणून व्यापाऱ्याने नोटांच्या चवडीपुढे हात न जोडता हिशेबाच्या वहीपुढे जोडावेत, हे मला लहानपणापासून फार शहाणपणाचे वाटत आले आहे.

पण या वहीचीही एक आई आहे आणि तिला कोणी हळदकुंकू वाहत नाही. ती म्हणजे खरेदीचे बिल. वाण्याने दिलेले ते चिटोरे आपण पिशवीतच चुरगाळतो, त्याच्या पाठीवर दुसऱ्या दिवशीच्या भाजीची यादी लिहितो आणि शेवटी केराच्या टोपलीत टाकून मोकळे होतो. सरकारी मराठीत त्याला 'बीजक' म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. कबीराच्या पद्यसंग्रहाचे नावही 'बीजक'च. पुरून ठेवलेल्या धनाची जागा दाखवणारा कागद, असा त्याचा एक अर्थ सांगतात. मी कॉलेजात मराठी शिकवतो, तेव्हा शब्दांचा असा अर्थ काढत बसणे हा माझा धंदाच आहे. पण हा अर्थ अगदी खरा निघू शकतो हे मला आमच्या वहिनींच्या फराळाने दाखवले.

वहिनी ठाण्याला नौपाड्यात राहतात. दहाबारा वर्षांपूर्वी शेजारच्या दोन घरी करून दिलेल्या चकल्यांपासून त्यांचा उद्योग सुरू झाला. आज गणपतीपासून देवदिवाळीपर्यंत त्यांच्या स्वयंपाकघरात आपल्याला चहा मागायची सोय नसते. दोन बायका मदतीला, ओट्याखाली तेलाचे डबे, बैठकीच्या खोलीत खोक्यांची उतरंड. दादा या सगळ्याला बरीच वर्षे 'हिचा हातखर्च' म्हणत असे. वहिनी काही बोलत नसत. बिले मात्र त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी असलेल्या तारेला टोचून ठेवीत; त्यांच्या वडिलांचे किराणा दुकान होते, ती तिथली सवय. तार भरली की कागद पिशवीत आणि पिशवी माळ्यावर. माळ्यावर गेलेल्या वस्तूचे आपल्याकडे काय होते, हे सांगायला नको.

२०२५ च्या जुलैमध्ये शेजारच्या कर्नाटकात एक गडबड उडाली. तिथल्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवरून जमा झालेल्या रकमा पाहून हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या. त्यांत बेकरीवाले होते, चहावाले होते, भाजीवालेही होते. हावेरीच्या एका भाजीवाल्याकडे एकोणतीस लाखांची मागणी आली. आता ताज्या भाजीवर करच नाही. पण खात्याला दिसत होती ती फक्त जमा. बंगळूरच्या दुकानांतून क्यूआरचे फलक भराभर उतरले आणि 'फक्त रोख'च्या पाट्या लागल्या. पुढे, करमुक्त माल विकणाऱ्यांकडून जुनी बाकी वसूल करणार नाही, त्यांनी नोंदणी करून घ्यावी, असे त्या सरकारने जाहीर केले आणि प्रकरण निवळले.

ही बातमी वाचून वहिनींचा मला फोन आला. "भाऊजी, मीही तो चौकोनी ठिपक्यांचा कागद काढून टाकू का? सगळं रोखीतच घेते झालं."

मी म्हटले, "वहिनी, कागद काढू नका, माळ्यावरची पिशवी काढा."

कारण सगळी मेख इथेच आहे. घरी बसून धंदा करणाऱ्या बाईकडे आलेला पैसा आजकाल सर्वांना दिसतो. तो बँकेच्या खात्यात तारखेवार, वेळेवार नोंदलेला असतो. गेलेला पैसा कोणालाच दिसत नाही. तूप आणले, बेसन आणले, खोकी आणली, बायकांना मजुरी दिली, हे सगळे तिच्या आठवणीत असते आणि आठवण हा काही पुरावा नव्हे. चार लाखांची विक्री आणि तीन लाखांचा खर्च असला, तरी खर्चाची बिले नसली की पाहणाऱ्याला चारच लाख दिसतात. रोख घेऊन यातून सुटका नाही. तेव्हा जमेचीही खूण पुसली जाते आणि उद्या बँकेत कर्ज मागायला गेले तर दाखवायला काहीच उरत नाही.

पिशवी निघाली. पाठोपाठ एक करसल्लागार गाठले. गृहस्थ शांत, बोलणे मोजके. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "माल महाराष्ट्राबाहेर जातो का?" वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "जातो ना! बंगळूरला, हैदराबादला. आपल्याच लोकांची मुलं आहेत तिकडे." सल्लागारांनी चष्मा काढून पुसला.

नियम असा आहे. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. आपल्या राज्यात केवळ मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या पुढे जाईपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाखांची. वहिनी ४० लाखांच्या आसपासही नव्हत्या. पण करपात्र माल परराज्यात विकला की ही सवलत संपते. मग उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी करावीच लागते. लहान धंद्यासाठी कंपोझिशनची, सरकारी मराठीत आपसमेळाची, योजना आहे. तीत उत्पादकाने आणि व्यापाऱ्याने उलाढालीवर सरसकट एक टक्का भरायचा आणि मोकळे व्हायचे. पण त्या योजनेतही परराज्यात विक्री करता येत नाही आणि खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही. बंगळूरच्या मुलांच्या चकल्या बंद करायच्या की रीतसर नोंदणी करायची, असे दोनच रस्ते उरले. वहिनींनी दुसरा धरला. नोंदणीला सरकारी शुल्क काही नाही.

आणि रीतसर नोंदणी झाली की खरेदीच्या बिलाला एकदम किंमत येते. अगदी रुपये-आणे-पैशांत मोजता येईल अशी.

समजण्यापुरते आकडे धरू. हंगामात चार लाखांचा फराळ विकला. २२ सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलानंतर लाडू-बर्फी आणि चकली-शेव दोहोंवर पाच टक्के कर आहे. म्हणजे गिऱ्हाइकांकडून वीस हजार रुपये कर गोळा झाला. तो सरकारचा. पण वहिनींनीही खरेदी करताना कर दिलेला आहे. साठ हजारांच्या तुपावर पाच टक्क्यांनी तीन हजार, चव्वेचाळीस हजारांच्या तेलावर बावीसशे, दहा हजारांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पाचशे, आठ हजारांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर अठरा टक्क्यांनी चौदाशे चाळीस. एकूण सात हजार एकशे चाळीस. ही रक्कम वीस हजारांतून वजा होते आणि बारा हजार आठशे साठ तेवढे भरायचे राहतात. मात्र एक अट आहे: त्या प्रत्येक खरेदीचे करबीजक हाती हवे. नसेल तर तोच कर दुसऱ्यांदा आपल्या खिशातून जातो. फ्रान्समध्ये मोरिस लोरे या अधिकाऱ्याने १९५४ साली मूल्यवर्धित कराची जी घडी बसवली, तिच्या मुळाशी हीच युक्ती आहे. प्रत्येक खरेदीदाराला आपल्याच फायद्यासाठी बिल मागावेसे वाटावे, म्हणजे सरकारला दारोदार शिपाई पाठवायला नकोत.

ही युक्ती कागदावर सुरेख आहे. पेठेतल्या दुकानात तिची गाठ वाण्याशी पडते.

वहिनींबरोबर मी एकदा तूप घ्यायला गेलो होतो. दुकानदार जुना, तोंडाने गोड. म्हणाला, "वहिनी, पक्कं बिल घेतलंत तर साठ हजारांवर तीन हजार कर पडेल. कच्च्यात देतो, एकसष्ट हजार द्या. तुमचे दोन हजार वाचले." हे वाक्य ऐकले नाही असा एकही मध्यमवर्गीय मराठी माणूस मला दाखवा! घरचा पंखा घेताना, फरशी बसवताना, सोफा शिवून घेताना आपण ते ऐकलेले आहे आणि पुष्कळदा मान डोलावलेली आहे. वहिनींनी मात्र मनातल्या मनात हिशेब केला. पक्के बिल घेतले तर त्रेसष्ट हजार जातात, त्यांतले तीन हजार वजावटीत परत येतात. तूप पडले साठ हजारांना. कच्च्यात घेतले तर एकसष्ट हजार गेले ते गेलेच. वर तूप घेतल्याचा पुरावा नाही, आणि उद्या ते खवट निघाले तर भांडायला तोंडही नाही. "पक्कंच करा," त्या म्हणाल्या, "आणि माझा नंबर घाला त्यावर." दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

नंबर घालणे महत्त्वाचे. पक्के बिल म्हणजे छापील कागद आणि त्यावर गणपती, एवढ्याने भागत नाही. विकणाऱ्याचे नाव, पत्ता व त्याचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक, बिलाचा अनुक्रमांक व तारीख, घेणाऱ्याचे नाव व त्याचा क्रमांक, मालाचे वर्णन, नग वा वजन, किंमत, कराचा दर आणि रक्कम, सही, इतके सगळे हवे. क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या माणसाचा पॅन. तो क्रमांक खरा की खोटा हे जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. कोपऱ्यावरचा वाणी बहुधा आपसमेळातला असतो. तो गैर काही करीत नाही, पण त्याला कर आकारण्याचा अधिकार नाही. त्यामुळे त्याच्या बिलावर वजावट मिळत नाही. वहिनींनी तूप-तेल-खोकी घाऊक बाजारातून घ्यायला सुरुवात केली ती यामुळे. वाण्याशी संबंध तुटले नाहीत. घरचा रवा-साखर अजून त्याच्याकडूनच येते.

बिल घेऊन घरी आले म्हणजे संपले, असेही नाही. विकणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणात सरकारला कळवावे लागते. त्याने कळवलेली बिले दर महिन्याच्या १४ तारखेला आपल्या नावावरच्या एका तक्त्यात उमटतात. २०२२ च्या जानेवारीपासून कायदाच असा आहे की विकणाऱ्याने कळवलेले नसेल, तर तुमच्या हातात अस्सल बिल असूनही वजावट नाही. पहिल्याच वर्षी एका घाऊक व्यापाऱ्याने खोक्यांचे बिल कळवलेच नाही. वहिनींनी फोन केला. "होईल हो" असे उत्तर आले. दुसऱ्या महिन्यात पुन्हा फोन, पुन्हा "होईल हो". शेवटी पुढची ऑर्डर देताना त्यांनी सांगितले, आधी बिल चढवा मग खोकी पाठवा. दोन दिवसांत चढले. पाचशे रुपयांचा प्रश्न होता. दुसरी कोणी सोडून देती. वहिनींचे म्हणणे असे की पाचशे रुपये म्हणजे भर उन्हाळ्यात दोन दिवस पापड लाटणे.

काही खरेदी मात्र अशी असते की तिला बिल मिळूच शकत नाही. भाजणी दळून देणारी गिरणी, नारळवाला, कढीपत्त्याची जुडी घेऊन बसणारी म्हातारी. यांच्याकडे पावतीपुस्तक मागणे म्हणजे आपलेच हसे करून घेणे. त्यांच्यासाठी वहिनींनी एक छोटी वही केली आहे. तारीख, नाव, काय घेतले, किती, रक्कम, आणि जमेल तिथे सही. गिरणीवाला सही करताना दरवेळी विचारतो, "कशावर सही घेताय, वहिनी?" शक्य तितके पैसे त्या फोनवरून देतात, म्हणजे वहीतली नोंद आणि बँकेतली नोंद एकमेकींना साक्ष राहतात. मोठी रक्कम तर बँकेतूनच द्यायची. एकाच माणसाला एका दिवसात दहा हजारांहून जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात धरला जात नाही.

खरा घोळ होतो तो घर आणि धंदा एकाच ओट्यावर असतात तेव्हा. तेलाच्या एकाच डब्यातून चकली तळली जाते आणि घरची भजीही. घरी खाल्ल्या गेलेल्या तेलावरच्या कराची वजावट मागणे नियमात बसत नाही. मागणारे आहेत, पण ते शहाणपण नव्हे. वहिनींचा उपाय साधा: एका दुकानात उभे राहून दोन बिले करून घ्यायची, एक घरचे, एक धंद्याचे. गॅसही वेगळा, व्यावसायिक दराचा. दादाला हे फार दिवस पटेना. एकदा घरचे तेल संपले म्हणून त्याने धंद्याच्या डब्यातून वाटीभर काढले तर वहिनी म्हणाल्या, "अहो, लिहून ठेवा तिथे." त्याने लिहून ठेवले, आणि रागाने सहीदेखील केली.

आयकराचे थोडक्यात सांगतो. छोट्या धंद्याला अंदाजी नफ्याची सोय आहे: उलाढालीच्या आठ टक्के, आणि बँकेतून वा यूपीआयने आलेल्या रकमेवर सहा टक्के नफा धरून विवरण भरता येते, तपशीलवार वह्या ठेवाव्या लागत नाहीत. १९६१ च्या कायद्यात ती होती, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही आहे. यावरून पुष्कळजणी म्हणतात, मग बिले कशाला? पण नफा खरोखरच त्याहून कमी झाला असेल, किंवा तोटाच झाला असेल, तर तसे म्हणायला कागद लागतो. आणि जीएसटीचा कायदा या सवलतीला ओळखत नाही.

करखात्यापेक्षाही मोठी गोष्ट पुढे निघाली. बिले महिन्यावार लावून झाल्यावर वहिनींनी एका रविवारी मला बसवून घेतले आणि जिन्नसवार हिशेब मांडला. चकलीला तेल किती, भाजणी किती, गॅस किती, मजुरी किती, खोके किती. चकलीत बरे सुटत होते. बेसनाच्या लाडवात बेताचे. अनारशात मात्र किलोमागे अठरा रुपये पदरचे जात होते. तूप आणि खसखस यांची बिले समोर नसती तर हे कधीच कळले नसते, कारण अनारशाचा दर वहिनींनी पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाकडे पाहून ठरवलेला होता. सगळ्यांत जास्त मागणी अनारशाला, सगळ्यांत जास्त जागरण अनारशासाठी, लोक नाव काढतात तेही अनारशाचे! वहिनी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सहा वर्षं मी लोकांना फुकट खाऊ घातलं."

तिथेच आणखी एक आकडा निघाला. सगळा खर्च वजा जाऊन वहिनींच्या हाती हंगामात जे उरले, ते त्यांच्या कामाच्या तासांनी भागले तर मदतीला येणाऱ्या बाईच्या तासाच्या मजुरीपेक्षा कमी भरत होते. दादा शेजारी वर्तमानपत्र वाचत होता. त्याने ते खाली ठेवले आणि तो आकडा स्वतः दोनदा तपासला. 'हातखर्च' हा शब्द मी त्याच्या तोंडून त्यानंतर ऐकलेला नाही. अनारशाचा दर त्या दिवाळीत वाढला. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली आणि घेतले.

गिरगावातल्या एका गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले; 'लिज्जत'ची ती सुरुवात. पैसे देणाऱ्या छगनबापांनी त्यांना सांगितलेल्या गोष्टींत माल उत्तम ठेवा ही एक होती आणि हिशेब चोख ठेवा ही दुसरी. पापडाच्या चवीबद्दल सगळे बोलतात. मला ती दुसरी गोष्ट जास्त अवघड वाटते, कारण चव आपल्या बायकांच्या हाताला असतेच. हिशेबाची वही मात्र त्यांच्या हाती आपण फार उशिरा दिली.

आता जपणुकीबद्दल. हल्ली पुष्कळ दुकानांत बिल निघते ते गुळगुळीत कागदावर, शाईविना, उष्णतेने छापलेले. ते सहा महिन्यांत फिकट होते, प्लॅस्टिकच्या पाकिटात किंवा उन्हात ठेवले तर त्याहूनही लवकर, आणि वर्षभराने तुमच्या हातात निव्वळ पांढरी पट्टी उरते. म्हणून वहिनी त्याच दिवशी त्याचे फोनवर छायाचित्र घेतात आणि साध्या कागदावर प्रत काढून मूळ तिला टाचतात. तार गेली, तिच्या जागी महिन्यांच्या नावांचे बारा लखोटे आले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात जुने कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत, त्या गाठोड्यांना 'रुमाल' म्हणतात, हे मी वहिनींना एकदा सांगितले. तेव्हापासून वर्षाचे बारा लखोटे त्या खरोखरीच जुन्या कॉटनच्या साडीच्या तुकड्यात बांधतात आणि त्याला रुमालच म्हणतात.

किती वर्षे ठेवायचे, हा प्रश्न उरला. जीएसटीच्या नियमाप्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून बहात्तर महिने. २०२५-२६ चे विवरण भरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२६, म्हणून त्या वर्षाची बिले ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत. तंटा चालू असेल तर त्याचा निकाल लागून एक वर्ष होईपर्यंत, मग ते कितीही लांबो. सल्लागारांनी हे सांगितले तेव्हा वहिनींना प्रश्न पडला तो कायद्याचा नव्हता, जागेचा होता. सात वर्षांचे सात रुमाल, आणि माळ्यावर ठेवायचे नाहीत हे तर आधीच ठरलेले. दादाने काही न बोलता आपल्या कपाटाचा खालचा खण रिकामा करून दिला. त्यात त्याची जुनी क्रिकेटची मासिके होती. ती आता आमच्या घरी आली आहेत आणि कुठे ठेवावीत हे मला कळत नाही.